मुलीला चाहत्यांचा अभ्यास करायला जर्मनीला जायचंय

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे प्राध्यापक नोव्हेंबरमध्ये काही विद्यार्थ्यांना दहा दिवस लंडन आणि जर्मनीला नेणार आहेत. विषय आहे, अमेरिकन फुटबॉलचे अमेरिकेबाहेरचे चाहते. फीशिवाय अडीच लाखांचा खर्च आहे. तिचे बाबा म्हणतात, मॅच बघायला जायचं आणि त्याला अभ्यास म्हणायचं, हे पटत नाही. शैक्षणिक कर्जाचा बोजा आहेच. काय करावं?
– एक आई, सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

घरातल्या बचतीतून जमत असेल तर तिला जरूर पाठवा. त्यासाठी नवं कर्ज काढावं लागणार असेल, तर या वर्षी नको म्हणा.

तिच्या बाबांची शंका रास्त आहे. विद्यापीठांच्या अशा दौऱ्यांत काही नुसत्या सहली असतातच. पण हा विषय पोकळ नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू आणि हेल्मेट घालून खेळायचा खेळ, आणि एनएफएल ही त्याची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. ज्या देशात शाळेच्या मैदानावर हा खेळ कुणी खेळत नाही, तिथला माणूस त्याचा चाहता कसा होतो? स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये याहून मोलाचा प्रश्न मला तरी दिसत नाही.

जर्मनीचंच बघा. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकन सैन्याचे तळ राहिले आणि त्यांच्याबरोबर हा खेळही राहिला. १९७७ मध्ये फ्रँकफुर्टला पहिला जर्मन क्लब निघाला, १९७९ मध्ये तिथली लीग सुरू झाली. १९९१ पासून एनएफएलने युरोपात स्वतःची वेगळी लीग चालवून पाहिली. २००७ मध्ये ती बंद झाली, तेव्हा सहा संघांपैकी पाच जर्मनीतले होते. लीग गेली, पण सामना बघायची सवय लागलेली माणसं मागे उरली. २०१५ पासून तिथल्या एका फुकट दिसणाऱ्या वाहिनीने रविवारचे सामने नियमित दाखवायला घेतले. न्यूयॉर्कला दुपारी एकला सुरू होणारा सामना जर्मनीत संध्याकाळी सातला येतो, म्हणजे सगळं घर दिवाणखान्यात असतं. आपल्याकडे तोच सामना रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतो आणि सकाळी शाळा, ऑफिस. चाहते तयार होण्यात अशा साध्या गोष्टींचा वाटा किती मोठा असतो, हे वर्गात बसून नीटसं कळत नाही.

१३ नोव्हेंबर २०२२ ला म्युनिकच्या अलियान्झ अरीनामध्ये टॅम्पा बे आणि सिएटल या संघांचा सामना झाला. एनएफएलच्या नियमित हंगामातला जर्मनीत झालेला हा पहिला सामना. जवळपास ७० हजार लोक आले होते. सामना संपत आला तरी उठायचं सोडून सगळं स्टेडियम एक जुनं अमेरिकन गाणं एका सुरात म्हणत होतं. ही गर्दी एका रात्रीत जमलेली नव्हती, तिच्यामागे चाळीसेक वर्षं होती.

लंडनची गोष्ट निराळी. तिथे २००७ पासून, करोनाचं २०२० साल सोडलं तर, दर वर्षी सामने होतात. टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये तर गवताचं मैदान तीन तुकड्यांत सरकवून बाजूला नेतात आणि खालून अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम मैदान उघडतात. पण मुलीला सांगा, मैदानापेक्षा प्रेक्षकांकडे बघ. मैदानावर संघ दोनच असतात आणि प्रेक्षकांत लीगमधल्या बत्तीसच्या बत्तीस संघांच्या जर्सी दिसतात. जो संघ आज खेळतच नाही, त्याची जर्सी घालून माणूस एवढं महागडं तिकीट काढून का येतो? तिने अशा एका माणसाला गाठावं आणि विचारावं, तुम्ही पहिली मॅच कुठे पाहिलीत, कुणाबरोबर पाहिलीत. उत्तरात वडील येतील, हॉस्टेलमधला मित्र येईल, व्हिडिओ गेम येईल. ते तिथल्या तिथे वहीत उतरवलं, तर दहा दिवसांत तिच्याकडे असं काही जमेल जे तिच्या वर्गातल्या इतरांकडे नसेल.

आता नोकरीचं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण कर्ज तुमच्या डोक्यावर आहे. स्पोर्ट्स मॅनेजमेंट साधारणपणे तिकडच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत धरत नाहीत. त्यामुळे पदवीनंतर काम करायला तिला एक वर्षाचीच मुदत मिळेल. इंजिनिअरिंगच्या मुलांना मिळणारी पुढची दोन वर्षं धरू नका. एखादा क्लब तिच्या व्हिसासाठी धावपळ करेल, या भरवशावर तर अजिबात राहू नका. तिने भारताकडेही डोळे लावून शिकावं, असं मला कळकळीनं वाटतं.

कारण इथे हाच प्रश्न रोज पडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए या अमेरिकन लीगने वरळीच्या डोममध्ये बास्केटबॉलचे दोन सामने घेतले. २०१२ मध्ये भारतातल्या अमेरिकन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम झाला, त्यात पुण्याच्या नावाचाही संघ होता; सामने मात्र श्रीलंकेत, टीव्हीसाठी खेळवले गेले. आज सांगलीत त्या संघाचं नाव किती जणांना आठवतं? याच्या उलट, मुंबई इंडियन्सचे मालक २०२३ पासून न्यूयॉर्कच्या नावाने क्रिकेट संघ चालवतात, म्हणजे अमेरिकेत चाहते घडवायची वेळ आपल्यावर आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. क्रिकेटला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली ती तिथेच, आणि त्याच बैठकीत फ्लॅग फुटबॉलही आलं. फ्लॅग फुटबॉल म्हणजे अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार. परका खेळ नव्या गावात कसा रुजतो, हे पाहून आलेली, मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारी मुलगी या सगळ्यांना हवी आहे.

पण ती तशी होऊन यायला हवी. म्हणून पैसे भरायच्या आधी तिने प्राध्यापकांना विचारावं, या दौऱ्याचे क्रेडिट पदवीत धरले जाणार की नुसता सहभागाचा कागद मिळणार. संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची परवानगी लागते. ती कोण आणि कधी घेणार? परवानगीचा पत्ताच नसेल, तर संशोधन होणार नाही असं समजा. परतल्यावर एक अहवाल तिच्या एकटीच्या नावावर असावा, गटातल्या सहा जणांच्या नावावर नको. या प्रश्नांना गोलमोल उत्तरं आली, तर तिच्या बाबांचं म्हणणं खरं आहे.

शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. अमेरिकन सरकारच्या परदेश-अभ्यासाच्या शिष्यवृत्त्या तिकडच्या नागरिकांसाठी असतात, पण विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून परदेशी विद्यार्थ्यांना कधीकधी मदत मिळते. ती मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

सगळ्यात घाईचं काम व्हिसाचं. तिच्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना हा त्रास नाही, त्यामुळे प्राध्यापकांच्याही लक्षात येईलच असं नाही. भारतीय पासपोर्टवर तिला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, वेगळा काढावा लागेल. एकावर दुसरीकडे जाता येत नाही. पासपोर्ट एका ठिकाणी अडकला तर दुसरा अर्ज लांबतो. शिवाय अमेरिकेत परत शिरताना तिचा विद्यार्थी व्हिसा चालू असायला हवा आणि आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. तिला याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायला सांगा. दोन्ही व्हिसांच्या तारखा वेळेत बसतात असं दिसलं, की मगच पहिला हप्ता भरा, आणि दौरा रद्द झाल्यास त्यातले किती पैसे परत मिळतात ते लेखी घ्या.