विश्वास नाही, तरी शुक्रवारचे दिवे लावू का?

पत्र : मावशी, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, राहायला ठाण्यात. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. तिचे हात थरथरतात, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे) दिवे मीच लावावेत असा तिचा हट्ट. मी लावते, बेराखा म्हणजे आशीर्वचन म्हणते, मग मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना. पण माझा देवावर विश्वास नाही, निदान आईसारखा तरी नाही. नेमका त्याच वेळी अमेरिकेतल्या टीमचा कॉल असतो, तो म्यूट करून मी दिवे लावते. आपण ढोंग करतोय असं वाटतं. परवा आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, ‘आई, देव खरंच ऐकतो का?’ तिला काय सांगू? आणि हे दिवे लावणं थांबवू का? (नाव छापू नये.)

उत्तर : दिवे लावणं थांबवू नकोस. कॉल मात्र थांबव.

आधी विश्वास पक्का व्हायला हवा, त्यानंतरच दिवे लावायचा हक्क मिळतो, असा क्रम तू मनात धरून बसली आहेस. त्या क्रमात एकदाही मागेपुढे झालं की तुला ढोंगी वाटतं. गेल्या शंभर वर्षांतल्या ज्यू विचारवंतांनी हाच क्रम तपासून पाहिला. त्यांच्यातला फ्रान्झ रोझेन्झ्वाइग तुला जवळचा वाटेल. 1886 साली जर्मनीतल्या कासेल इथे सुखवस्तू घरात जन्मला. घरी धर्म फक्त नावापुरता. 1913 मध्ये तर त्याने ख्रिस्ती व्हायचं ठरवलंच होतं, पण त्याच वर्षीच्या योम किप्पुरनंतर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसानंतर, निर्णय फिरवला आणि ज्यूच राहिला. पुढे पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर असताना त्याने आपल्या मुख्य ग्रंथाचा मजकूर पोस्टकार्डांवर लिहून आईकडे धाडला. 1920 मध्ये फ्रांकफुर्टला त्याने मोठ्या माणसांसाठी अभ्यासकेंद्र काढलं. तिथे येणारे वकील, डॉक्टर, गृहिणी. बहुतेकांना धर्मातलं फारसं काही येत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की शिकायची सुरुवात तोरापासूनच, म्हणजे आपल्या धर्मग्रंथापासूनच, करायला हवी असं नाही. आपलं जे रोजचं जगणं आहे, त्याच्या शंका आहेत, तिथून निघा आणि तोराकडे चालत या. दूर गेलेल्या माणसाला यायला दुसरी वाट नाही.

त्याला कुणीतरी विचारलं म्हणे, ‘तुम्ही तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या चामडी पेट्या) बांधता का?’ तो म्हणाला, ‘अजून नाही.’ या दोन शब्दांत होकाराचा खोटेपणा नाही आणि नकाराचा ताठाही नाही. ‘तू मानतेस का?’ असं कुणी विचारलं, तर तुलाही हे उत्तर देता येईल, आणि ते खरं असेल. 1922 पासून एका असाध्य आजाराने त्याचं शरीर हळूहळू लुळं पडत गेलं, वाचा गेली. पत्नी एडिथ अक्षरं म्हणत जायची आणि तो बारीकशा खुणेने हवं ते अक्षर दाखवायचा. अशा अवस्थेत तत्त्वज्ञ मार्टिन बुबेरबरोबर त्याने बायबलच्या जर्मन भाषांतराचं काम 1929 मध्ये मरेपर्यंत चालू ठेवलं. त्याचं हे ‘अजून नाही’ म्हणजे पळवाट नव्हती, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून एवढं सांगितलं.

‘दिवे लावताना मला आतून काही वाटत नाही’ असंही तुझ्या मनात असणार. यावर जेरुसलेमचे येशायाहू लाइबोविट्झ तुला फटकारतील. ते शास्त्रज्ञ, आणि कडक धर्मपाळ माणूस. मिट्झ्वा, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्य, मनाच्या समाधानासाठी नसते, काही वाटो न वाटो, ती केली पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. यातलं अर्धंच तू घ्यावंस असं मला वाटतं. भावना उचंबळून आली नाही म्हणून कृती खोटी ठरत नाही, हे पटण्यासारखं आहे. पण त्यांच्या मते ते कर्तव्य देवाप्रति असतं, आणि तिथे तर तुझी अडचण आहे. अमेरिकेतले रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोर्डेकाय कॅप्लन यांना तू आवडली असतीस. चमत्कार करणारा देव त्यांनी बाजूला ठेवला आणि ज्यू असणं म्हणजे एका लोकसमूहाची वाढत जाणारी संस्कृती असं म्हटलं. 1922 मध्ये त्यांनी आपल्या लेकीची बात मिट्झ्वा, म्हणजे मुलगी धर्मकर्तव्यांच्या वयात आल्याचा विधी, सिनेगॉगमध्ये केली. तेव्हा अमेरिकेत मुलींसाठी असं सहसा कुणी करत नव्हतं. 1945 मध्ये काही कर्मठ रब्बींनी त्यांना बहिष्कृत केलं, त्यांचं प्रार्थनापुस्तक जाळलं. दोन टोकांची माणसं, पण विश्वासाचा दाखला दाखवल्याशिवाय दिव्याला हात लावू नकोस, असं यांच्यातल्या कुणीही तुला म्हटलं नसतं.

आता कॉलचं. खरी चूक असलीच तर ती इथे आहे. वॉर्सात जन्मलेले रब्बी आणि विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांची आई आणि बहिणी नाझींच्या हातून गेल्या. ते अमेरिकेत पोचले आणि 1951 मध्ये त्यांनी शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. माणूस सहा दिवस वस्तू मिळवतो, जागा काबीज करतो. सातव्या दिवशी त्याने काळात राहायला शिकावं, असं त्यात आहे. याचा अर्थ जगाकडे पाठ फिरवणं असा घेऊ नकोस. हेच हेशेल 1965 मध्ये अमेरिकेतल्या सेल्मा इथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगबरोबर रस्त्यावर चालले, आणि चालताना आपले पायच प्रार्थना करत होते असं म्हणाले. म्यूट केलेल्या कॉलच्या बाजूला लावलेला दिवा तुला ढोंग वाटणारच, कारण त्या वेळी तू धड कामातही नसतेस आणि धड घरातही नसतेस. मॅनेजरला सरळ सांग, शुक्रवारी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मी नाही. कारण विचारलं तर खरं कारण सांग.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांकडे यातलं एकही पुस्तक नव्हतं. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा हिब्रू पोथ्याही हातच्या गेल्या होत्या. पण तेलाचा धंदा करत, आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. त्यातल्या प्रत्येकाच्या मनात शंका नव्हती असं मी तरी मानत नाही. घाणा मात्र बंद राहिला.

आईशी देव आहे की नाही यावर वाद घालू नकोस. पण बोल. बुबेर यांनी स्वतःची एक हकिगत लिहून ठेवली आहे. 1914 च्या सुमारास, सकाळभर ते भक्तीच्या तंद्रीत होते. तेवढ्यात एक तरुण भेटायला आला. बुबेर नीट बोलले, पण मनाने तिथे नव्हते. पुढे तो तरुण या जगात राहिला नाही, आणि तो गप्पांना नव्हे, आयुष्याचा निर्णय विचारायला आला होता हे नंतर कळलं. समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष होतं अशी भक्ती त्यांनी तेव्हापासून सोडली. तुझी आई तुला दर शुक्रवारी दिवे लावायला सांगते. तिला देवाबद्दल काही म्हणायचं आहे की बाबांबद्दल, हे तू विचारलं आहेस का? पत्रात तरी मला ते दिसलं नाही. एखाद्या शुक्रवारी किद्दुशनंतर विचार, बाबा होते तेव्हा दिवे कोण लावायचं, काय बोलायचे. ती सांगेल तेवढं ऐकून घे.

लेकीला खोटं सांगू नकोस. ‘मला माहीत नाही, आजीला वाटतं ऐकतो, आणि मी अजून विचार करतेय,’ एवढं आठ वर्षांच्या पोरीला पुरतं. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरातल्या सगळ्यात लहान मुलाने प्रश्न विचारायचे, असा आपला रिवाजच आहे, तेव्हा प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. फक्त हे उत्तर आजीपासून लपवून देऊ नकोस. आजी शेजारी बसलेली असताना दे, आणि मग तिचं उत्तर तिला देऊ दे.