पेत्राने सप्पीरेला सापळ्यात पकडलं का?

बायबलमधली गोष्ट अशी: हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले 'हे सगळेच' असं भासवून येशूच्या शिष्यांना दिले; खोटं उघडं पडलं आणि दोघंही जागीच मेले. तुमचं म्हणणं असं, की त्या शिष्यांपैकी पेत्राला सगळं आधीच ठाऊक होतं, मग त्याने सप्पीरेला 'जमीन एवढ्यालाच विकली का?' असं विचारलंच कशाला? हा सापळा नाही का?

नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचा. नवऱ्याला पुरूनसुद्धा झालंय, तिला पत्ता नाही, सुमारे तीन तासांनी ती आत येते. रक्कम पेत्र स्वतःच बोलतो. तिने नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. आणि गुन्हा पैसे मागे ठेवल्याचा नव्हताच, खोटं बोलल्याचा होता. जमीन तुझी, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात, हे चौथ्या वचनात हनन्याला स्वच्छ सांगितलंय. दशांशासाठी, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यावा म्हणून, हा उतारा काढून लोकांना घाबरवणारे ते वचन बरोबर गाळतात.

'सापळा' हा शब्द आमच्या घरात फार ऐकलाय. आजीने मुखत्यारपत्र दिलं आणि काकांनी तिचं शेत विकलं. घेणाऱ्याची आई चर्चमध्ये आजीच्याच चटईवर बसायची, त्यामुळे खरा आकडा आजीच्या कानावर आधीच आला होता. काकांनी रबर लावलेली पुडकी तिच्या मांडीवर ठेवली. ती मोजायच्या भानगडीत पडली नाही. "सगळे मिळून एवढेच का रे?" "एवढेच, आई." चर्चमधल्या पुढच्या प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आदल्या रात्री भाकरी वाढताना तिने पुन्हा विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का?" काकांनी वाटी पुढे केली, "कालवण वाढ."

आकडा शेवटी बाहेर आलाच. काका अजून म्हणतात, आईने मुद्दाम विचारून मला खोटं पाडलं, माहीत होतं तर सरळ कागद पुढे ठेवायचा. अहो, कागद पुढे ठेवल्यावर माणूस कबूल करतो की नुसता सापडतो? बायबलमधल्या अलीशा संदेष्ट्यानेही आपल्या चाकराला, गेहजीला, 'कोठून आलास?' एवढंच विचारलं. अलीशाने बऱ्या केलेल्या नामान सेनापतीकडून गेहजीने गुपचूप उकळलेली चांदी आणि कपडे अलीशाला ठाऊक होते. गेहजी म्हणाला, कुठेच गेलो नव्हतो. कोड कपाळी आलं ते त्यानंतर. तुमच्याही घरी असं कुणी दोनदा विचारत असेल, तर दुसऱ्या खेपेला तरी सांगून टाका.

हनन्याचं मात्र वेगळं आहे. त्याला पेत्राने विचारलं ते आरोपाच्या सुरात, आणि तो तोंड उघडायच्या आतच कोसळला. तिथे मला वाट पाहण्याचा धीर दिसत नाही, आणि चर्चच्या पाळकांची त्यावरची उत्तरंही पटलेली नाहीत.