सगळे हुशार, तरी काम का लांबतं?

“नऊ जणांची टीम, एकही माणूस कच्चा नाही. तरी दर दुसरं काम लांबतं. कमी काय पडतंय?” हा प्रश्न घेऊन एक टीमप्रमुख आल्या. सोबत यादी होती: संवाद, विश्वास, नेतृत्व, प्रेरणा... एकूण २३ मुद्दे. सगळे खरे, पण सोमवारी सकाळी सुरुवात कुठून करायची ते एकही सांगत नव्हता.

यशाचे कळीचे घटक मोजकेच असतात. व्यवस्थापन सल्लागार रोनाल्ड डॅनियल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक उद्योगांत असे घटक तीन ते सहाच असतात, असं म्हटलं होतं.

म्हणून यादी बाजूला ठेवून शेवटची सहा कामं घेतली. तीन वेळेत झालेली, तीन लांबलेली. फक्त जमलेली कामं पाहिली की हमखास फसगत होते, कारण मेहनत आणि हुशारी फसलेल्या कामांतही तेवढीच असते. जे दोन्हीकडे आहे ते खोडायचं. उत्साहावरही विसंबू नये. काम जमलं की तो आपोआप चढतो. आठवणींपेक्षा तारखा बऱ्या. प्रत्येकाने आपापलं वेगळं लिहायचं, तेही बैठकीआधी. प्रमुख आधी बोलल्या की सगळ्या कागदांवर त्यांचंच मत उतरतं.

आठवड्याने १९ मुद्दे गळाले, चार उरले. एका कागदावर लिहिलं होतं: “अडचण मंगळवारी कळली. मॅडमना पुढच्या सोमवारी सांगितली. वाटलं, तोवर निस्तरेन.” सहा दिवस! बाई त्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्याआधी एकदा त्याने अडचण लगेच सांगितली होती. मी सगळ्यांसमोर झापलं त्याला.”

संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या रुग्णालयांतल्या अभ्यासात चांगल्या टीमांकडे चुकांच्या नोंदी जास्त सापडल्या, त्या याच्या नेमक्या उलट कारणाने. तिथे लोक चूक बोलून दाखवत होते.

ठरलं ते असं: चार आठवडे बदल एकच. रोज दहा मिनिटं उभ्याने बैठक, पहिला प्रश्न “काय अडलंय?” आणि पहिलं उत्तर प्रमुखांचं स्वतःचं. “कोणामुळे?” हा प्रश्न त्या बैठकीत बंद. वहीत दोन रकाने: अडचण कळली ती तारीख, सांगितली ती तारीख. मोजायचं ते या दोहोंमधलं अंतर. अडचणी किती आल्या हे मोजायचं नाही. सुरुवातीला त्या वाढलेल्याच दिसतात, आणि नेमक्या इथेच घाबरून बरेच प्रमुख पुन्हा आवाज चढवतात.

तिसऱ्या आठवड्यात अंतर एका दिवसावर आलं. काम मात्र अजून दोन दिवस उशिराच होत होतं. मग उरलेल्या तीन मुद्द्यांतला पुढचा घेतला: अंतिम निर्णय कोणाचा? याचं उत्तर तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलं होतं.