इटालियन पवित्रजलपात्राच्या (ख्रिस्ती लोक पवित्र पाणी ठेवतात त्या पात्राच्या) सोनेरी भागावर छाप नसेल, तर तो भाग नकली समजावा का?

नाही, केवळ छाप नसल्यामुळे तो भाग नकली ठरत नाही, कारण शुद्धतेची हमी देणारे छाप चांदीवर मारले जात, सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझवर सहसा नाही. पोपच्या राजवटीतील रोममध्ये चांदीवर छत्रीखाली तिरक्या ठेवलेल्या दोन चाव्यांचा छाप असे. आपल्या पात्राच्या चांदीवर तो आहे का, हे भिंगाने आधी पाहावे. चांदी आणि मुलामा दिलेले ब्राँझ एकाच वस्तूत वापरण्याची तिथे प्रतिष्ठित परंपरा होती: रोमचे सोनार जोव्हान्नी जार्दिनी यांनी 1702च्या सुमारास घडवलेले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील अप्रतिम पवित्रजलपात्र चांदी, राजावर्त (लॅपिस लाझुली हा निळा दगड) आणि मुलामा दिलेल्या ब्राँझचे आहे. त्या काळी सोने पाऱ्यात मिसळून ते ब्राँझवर लावत, तापवून पारा उडवत आणि उरलेला थर घोटून चमकवत. त्यामुळे असा मुलामा बहुधा जाडसर आणि उबदार रंगाचा दिसतो, तर 1840नंतर रूढ झालेला विजेचा मुलामा पातळ व एकसारखा असतो. मात्र जुन्या वस्तूला पुढे नव्याने मुलामा दिलेला असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावरून काळ ठरवू नये. तज्ज्ञाला दाखवेपर्यंत चांदीचे पॉलिश सोनेरी भागाला कृपया लावू नका. घासल्याने गेलेले मूळ सोने परत येत नाही.