जुन्या कोंबड्यांत नवी कोंबडी कशी मिसळावी?

परसातल्या चार गावठी कोंबड्यांत आठवडी बाजारातून आणलेली तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, थेट सोडावी का, असे आपण विचारले आहे. थेट सोडू नये. मानमोडी, म्हणजेच रानीखेत, या विषाणूजन्य रोगाची लक्षणे दिसायला कधीकधी 2 आठवडे लागतात; म्हणून दिसायला धडधाकट असली तरी नवी कोंबडी किमान 3 ते 4 आठवडे वेगळ्या खुराड्यात, वेगळ्या भांड्यांसह ठेवावी आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला द्यावे. या काळात पंखांखाली व गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला सारून उवा पाहाव्यात.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे एकमेकींना पाहता येते पण चोच मारता येत नाही. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते आणि नवी आली की ती पुन्हा ठरते, त्यामुळे जाळी काढल्यावर थोडी चोचाचोच होणारच. तुऱ्यातून रक्त आले तर मात्र जखमी कोंबडीला लगेच बाजूला घ्यावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत.

एकटी आणण्यापेक्षा दोन आणल्यास मार विभागला जातो. कोल्हापुरात भर पावसाळ्यात हा उद्योग मी तरी टाळतो, कारण सगळ्या कोंबड्या एकाच कोरड्या कोपऱ्यात दाटतात, आणि ओल्या भुशात रक्ती हगवणही लवकर पसरते.