वाचकांचे प्रश्न : ट्रकच्या टायरमध्ये हवा किती?

प्रश्न : आमची कांदा वाहणारी सहाचाकी गाडी आहे, पासिंग (मालासकट गाडीचं मंजूर एकूण वजन) साडेअठरा टन. टायर 10.00 आर 20, सोळा प्लाय (टायरच्या ताकदीची श्रेणी) रेडियल. ड्रायव्हर सगळीकडे 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, टायरवाला 130 म्हणतो. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, लासलगाव

उत्तर : आधी वजनकाट्यावर जा. भरलेल्या गाडीची फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग फक्त मागची. पुढचं वजन दोनने भागा, मागचं चारने. एकेका टायरवर किती भार येतो ते कळल्याशिवाय हवेचा आकडा ठरवता येत नाही.

आता साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेलं वाचा. या मापाच्या सोळा प्लाय टायरवर बहुधा 146/143 असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकेरी चाकाला 3000 किलो, जोडचाकात (मागे एका बाजूला शेजारी-शेजारी लावलेली दोन चाकं) प्रत्येकी 2725 किलो. आणि तेही 830 केपीए (दाबाचं दुसरं माप), म्हणजे 120 पीएसआय हवा असेल तर. पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) सहा टन असतील तर पूर्ण 120 हवेतच. 110 वर टायर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, आतून तापतो, आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटतो तो याच उष्णतेने.

तुमची खरी अडचण मात्र भाराची आहे. 2018 पासून चार टायरच्या ॲक्सलला 11.5 टन आणि पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला 7 टन चालतात. मागे 11.5 टन घेतले तर टायरमागे 2875 किलो होतात, क्षमतेपेक्षा 150 जास्त. पुढे 3500, म्हणजे 500 जास्त. कायद्यात बसलं तरी टायरमध्ये बसत नाही! 130 भरून ही तूट भरून निघत नाही. टायर कडक होतो, नक्षी मधोमध झिजते, खड्ड्यात आपटून आतला सांगाडा तुटतो. अठरा प्लायचा 149/146 टायर घ्या : 3250 आणि 3000 किलो. त्याची हवा त्याच्यावर छापलेली असेल तितकी, पण रिमला तेवढा दाब चालतो का ते आधी विचारा. हा टायर लावूनही पुढचं वजन साडेसहा टनांच्या आत ठेवा. म्हणजे माल थोडा मागे लावा आणि एकूण अठरा टनांवर थांबा.

भार कमी असेल तर टायर कंपनीचा भार-हवा तक्ता मागून घ्या, अंदाजाने हवा उतरवू नका. रिकाम्या परतीसाठी तर नाहीच.

प्रश्न : जोडचाकातला आतलाच टायर आधी का जातो?
– एक वाचक, बारामती

उत्तर : कारण त्याची हवा कोणी मोजत नाही. हातोडी मारून आवाज ऐकल्याने 120 आणि 95 मधला फरक कळत नाही. आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा म्हणजे गेज पोचेल, आणि दोन्ही टायरमधला फरक 5 पीएसआयच्या आत ठेवा. हवा सारखी असूनही त्रास होत असेल तर जोडीतल्या टायरची उंची मोजा. नवा आणि घासलेला टायर एकत्र लावला की मोठा टायर भार उचलतो, लहान रस्त्यावर घासत जातो. रेडियल आणि नायलॉन हे वेगळ्या बांधणीचे टायर एका ॲक्सलवर नकोतच.

ठरलेल्या हवेच्या 80 टक्क्यांखाली, म्हणजे 120 च्या जागी 96 खाली चाललेला टायर तसाच फुगवू नका. काढून आतून बघा. साइडवॉलच्या तारा मोडलेल्या असतील तर हवा भरताना तो चेन उघडावी तसा फाटतो. टायर लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवून, क्लिपचा चक (व्हॉल्व्हला अडकून राहणारं तोंड) आणि लांब पाइप लावून हवा भरा. लॉकरिंगच्या (रिमवर टायर अडकवणाऱ्या कडीच्या) समोर कोणीही उभं राहू नये, टायरवाल्याचा पोरगाही नाही.

प्रश्न : दुपारी धाब्यावर गेज 135 दाखवतं. हवा सोडावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोडू नका. पळून तापल्यावर 15-20 पीएसआय वाढणं स्वाभाविक आहे. त्या वेळी 120 वर आणलेला टायर सकाळी 105 च्या आसपास निघेल. गाडी किमान तीन-चार तास सावलीत उभी असेल तेव्हाच मोजा, शक्यतो पहाटे.