टॉमी जॉन सर्जरी केल्यावर पिचरचा वेग वाढतो का?

प्रश्न: माझा 16 वर्षांचा पुतण्या न्यू जर्सीत हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो. त्याचं कोपर आतल्या बाजूने दुखतं. टीममधली मुलं त्याला सांगतात, टॉमी जॉन सर्जरी करून टाक, हात आधीपेक्षा जोरात चालतो. ज्याच्या नावाची ही कोपराची सर्जरी आहे तो पिचर टॉमी जॉन तर ती झाल्यावर 46व्या वर्षापर्यंत खेळला. यात तथ्य किती?

उत्तर: 46व्या वर्षापर्यंत खेळला, हे खरं. वेग वाढतो, हे नाही. आणि त्या पोरांनी टॉमी जॉनची कारकीर्द नीट पाहिलेली दिसत नाही, कारण तो मुळात वेगावर जगणारा पिचर नव्हताच.

17 जुलै 1974 ला, माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध तिसऱ्या इनिंगमध्ये सिंकर (खाली बुडणारा चेंडू) टाकताना त्याच्या डाव्या कोपरातलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) गेलं. तोवर त्या हंगामात तो डॉजर्सकडून 13 सामने जिंकला होता, हरला होता फक्त 3. 25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला पामॅरिस लाँगस हा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला, डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून त्यातून तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला. ही सर्जरी तोपर्यंत कोणत्याही पिचरवर झाली नव्हती. नंतर अल्नर नर्व्हने दगा दिला (कोपर आपटल्यावर ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत मुंग्या येतात ती), बोटं आखडली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा टेबलावर जावं लागलं. 1975 चा अख्खा हंगाम बुडाला. 1976 मध्ये परतल्यावर 10 विजय, 10 पराभव. मग 1977, 1979 आणि 1980 या तीन हंगामांत वीस किंवा जास्त विजय. एकूण 288 पैकी 164 विजय सर्जरीनंतरचे आहेत.

ते आले कुठून? सिंकरमधून. चेंडू बॅटरपाशी खाली बुडतो, बॅटर तो जमिनीवर मारतो आणि इनफिल्डर (जवळचे क्षेत्ररक्षक) आउट करतात. 4,700 हून जास्त इनिंग्जमध्ये त्याचे स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद झालेले बॅटर) 2,245 आहेत, म्हणजे इनिंगला अर्धाही नाही. असा पिचर वेग थोडा कमी झाला तरी टिकतो. आजचा हायस्कूलचा पोरगा वेगाच्या आकड्यावरच निवडला जातो, त्याला ही सवलत नाही. याच सर्जरीचा दुसरा पिचर ब्रेंट स्ट्रॉम. 1978 मध्ये त्याच्यावर ती झाली, पण तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) पुन्हा पिचिंग करू शकला नाही. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.

आता कोपर का जातं ते बघा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर वाकवून झटकायची मुभा नाही, म्हणून वेगवान गोलंदाजाचं दुखणं बहुधा कमरेच्या मणक्यात निघतं. पिचरचं कोपर वाकलेलं असतं, हात मागे पूर्ण वळतो आणि त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं. प्रौढ पिचरच्या कोपरावर त्या वेळी 60 न्यूटन-मीटरच्या पुढे ताण येतो. सुटं लिगामेंट प्रयोगशाळेत साधारण त्याच्या निम्म्यातच तुटतं. उरलेला भार मनगट वाकवणारे स्नायू उचलतात. ते थकले की भार लिगामेंटवर. म्हणजे घात करतो तो थकल्यावर टाकलेला चेंडू, मग तो वळणारा कर्व्ह असो की वेगवान फास्टबॉल.

वेग वाढल्याचा भास कशामुळे होतो, तेही सरळ आहे. मुलगा वर्षभर रिहॅब करतो, पाय, पाठ आणि खांदा पहिल्यांदाच शिस्तीत घडतात, शिवाय वाढीच्या वयात त्याचं वजनही वाढतं. हे सगळं कोपर न कापताही करता येतं.

रिहॅबचा हिशोब साधारण असा: आधी ब्रेस, सुमारे दीड महिन्यात कोपर पूर्ण हलायला लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात 45 फुटांवरून हलके थ्रो, मग 60, 90, 120. माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास, तेही आधी अर्ध्या जोराने आणि नुसता फास्टबॉल. सामना बारा ते अठरा महिन्यांनी. गडबड बहुतेक सहाव्या महिन्यात होते: दुखत काहीच नसतं, म्हणून पोरगा जोर लावतो. पण बसवलेल्या टेंडनला रक्तपुरवठा होऊन त्याचं लिगामेंट व्हायला वर्षभर लागतं. शिवाय हातातला हा पामॅरिस लाँगस टेंडन सगळ्यांना नसतो. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काही उभं राहिलं तर आहे. नसेल तर मांडीच्या मागचा घेतात.

पुतण्यासाठी: आजपासून पिचिंग बंद, कॅचरची (बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्याची) जागाही नको, तिथेही सतत थ्रो करावे लागतात. खेळाडूंचं कोपर पाहणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या आणि पहिला प्रश्न हा विचारा की ग्रोथ प्लेट बंद झाल्यात का. झाल्या नसतील तर दुखणं बऱ्याचदा लिगामेंटचं नसून हाडाच्या त्या वाढत्या टोकाचं असतं आणि ते विश्रांतीने भरतं. लिगामेंटचा संशय असेल तर एमआरआय, शक्यतो सांध्यात डाय सोडून, म्हणजे छोटी फाट सुटत नाही. अर्धवट फाटलं असेल तरी आधी काही महिने व्यायामोपचार करून बघतात. करंगळी-अनामिकेत मुंग्या येत असतील किंवा चेंडू अचानक स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या वैध टप्प्याच्या) वर जात असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

परत खेळायला लागल्यावर मेजर लीग बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट'चे आकडे पाळा: 15-16 वयाला दिवसाला कमाल 95 पिच, 76 किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती, आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग नाही. यात शाळेची टीम, ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरची क्लब टीम) आणि शोकेस (निवडकर्त्यांसमोरचा खेळ) सगळं एकत्र मोजायचं. तीन प्रशिक्षक आपापलं वेगळं मोजतात, म्हणून बेरीज घरच्यांनीच वहीत ठेवावी.